निऑनचा रंग उडाला? आधी दिवा बंद करा

आजचा भाग ठरवलेला नव्हता. ठरला होता फिल्टरवरचा, पण परवा रात्री अकराच्या सुमारास एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला, चिंचवडहून. मागे मुलीचा रडण्याचा आवाज. मुलीच्या वाढदिवसाला ६० लिटरचा टँक आणला, संध्याकाळी दहा निऑन टेट्रा सोडले. दुकानात लाल-निळे चमकत होते, आणि घरी येऊन दोन तासांत सगळे पांढरटलेले. कोपऱ्यात गोळा होऊन बसलेत. "दादा, हे मरणार का? आत्ता काय टाकू पाण्यात?"

मी त्यांना आधी एवढंच म्हटलं, ताई, काहीही टाकू नका. टँकचा दिवा बंद करा, मुलीला झोपवा, आणि सकाळपर्यंत काचेजवळ जाऊ नका.

असं ठामपणे सांगू शकलो, कारण सहा वर्षांपूर्वी मी नेमकं उलटं केलं होतं. तेव्हा माझ्याकडे बारा निऑन आले होते आणि असेच फिके पडले होते. मी घाबरलो. दिवा पूर्ण लावून निरखत बसलो, मग मूठभर मीठ, मग मिथिलीन ब्लू, आणि सकाळी "पाणीच खराब असेल" म्हणून सगळं पाणी काढून थेट नळाचं भरलं. चार दिवसांनी तीन उरले. ते नऊ मासे रंग उडाल्यामुळे गेले नाहीत, माझ्या धावपळीने गेले. आज जे सांगतोय ते त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

तर आधी, रंग जातो कुठे?

निऑनच्या अंगावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल भाग हा खराखुरा रंग आहे. त्वचेतल्या पेशींमध्ये रंगाचे बारीक कण असतात. ते पेशीभर पसरले की मासा लाल दिसतो, मधोमध गोळा झाले की फिका. रांगोळीची चिमूट पसरली तर जागा भरते, ढीग केला तर बाकी जमीन उघडी पडते, तसं. रंग संपलेला नसतो, आवरून ठेवलेला असतो. निळी पट्टी मात्र रंग नाहीच. तिथल्या पेशींत ग्वानीन नावाच्या पदार्थाच्या पातळ पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश परतताना निळा दिसतो. ऑफिसच्या खिडकीला पट्ट्यांचा पडदा असतो ना, दोरी ओढली की सगळ्या पट्ट्या कलतात? जवळपास तसंच. चकत्यांचा कल बदलला, त्यांच्यातलं अंतर बदललं, की पट्टी जांभळट, मळकी होते.

आणि ही दोरी कशाने ओढली जाते? अंधाराने एक, भीतीने दुसरी. रात्री निऑन फिका पडतो तो रोजच, अगदी ठणठणीत असला तरी. पहाटे उठून टँकचा दिवा लावून बघा, भुतासारखे दिसतील, मग हळूहळू रंग भरत जातो. प्रवासात पिशवीत अंधार, हिंदकळणं, जाळीने पकडणं, हे सगळं एकदम होतं. आपला चेहरा पांढराफटक पडतो तसं त्याचं अंग पडतं.

तिसरी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे तळ. मासा खालच्या जमिनीच्या रंगाशी जुळवून घेतो. ताईंनी फोटो पाठवला, तळाला पांढऱ्याशुभ्र संगमरवरी चिप्स आणि वर झगमगीत दिवा. त्या पांढऱ्या जमिनीवर निऑन गडद कशाला राहील? मुळात हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. झाडांची सावली, तळाला कुजलेली पानं, पाणी चहासारखं. शिवाय संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतो, पीएच वर नेतो. निऑनला मऊ पाणी मानवतं. दुकानात चिप्स स्वस्त मिळतात म्हणून सगळे घेतात, मीही घेतले होते. साधी काळी किंवा तपकिरी वाळू बरी.

आता आणताना काय करायचं ते बोलू. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, तापमान सारखं होऊ दे. मग उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टँकचं पाणी आत घाला, अर्धा तास पुरे. मग मासे जाळीने उचलून टँकमध्ये. पिशवीतलं पाणी मोरीत ओतायचं, टँकमध्ये नाही.

हे दुकानातून तासाभरात घरी आणलेल्या माशांसाठी. कुरिअरने आले असतील, दिवस-दीड दिवस पिशवीत असतील, तर उघडल्यावर रेंगाळू नका. का, ते ऐका. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, त्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली येतो. मासा अमोनियाही सोडतो, पण पीएच खाली असला की तो बहुतेक कमी विषारी रूपात असतो. तुम्ही पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो, आणि तोच अमोनिया विषारी रूपात बदलू लागतो. म्हणजे "हळूहळू सवय लावू" म्हणत आपण त्याला तासभर विषात बसवतो. अशा वेळी बंद पिशवीचं तापमान जुळवा, उघडा, लगेच जाळीने टँकमध्ये सोडा.

मग पहिले दोन-तीन दिवस. पहिल्या रात्री दिवा बंद, खोलीतला उजेड पुरतो. पहिल्या दिवशी खाणं नाही. "उपाशी राहतील" ही आपली काळजी, निऑनला एक दिवस काही होत नाही. उलट न खाल्लेलं खाणं कुजून पाणी बिघडतं. लपायला झाडं, लाकडाचा तुकडा द्या. मी एक वाळलेलं देशी बदामाचं पान टाकतो, आपल्याकडे रस्त्याकडेला, कोकणात तर दारोदार असतो तो. झाडावरून आपण होऊन गळलेलं, तांबूस पान, धुऊन घेतलेलं. पाण्याला फिका चहाचा रंग येतो. फवारणी होत असेल त्या बागेतलं मात्र घेऊ नका.

एवढं केलं आणि पाणी चांगलं असलं, तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पट्टी परत येते. पाणी चांगलं *असलं* तर. इथे ताईंचं खरं दुखणं होतं. दुकानात सांगितलं होतं, "रात्रभर पाणी भरून ठेवा, झालं." झालं नाही. रात्रभरात क्लोरीन उडेल. पण माशांच्या विष्ठेतला अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. नव्या टँकमध्ये ही वस्तीच नाही, आणि एकदम दहा मासे. म्हणजे घरात संडास नाही आणि लग्नाचं वऱ्हाड उतरलंय.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनियाचं टेस्ट किट आणायचं. डोळ्यांनी पाणी काचेसारखं दिसतं, त्यावर जाऊ नका. अमोनिया दिसला तर रोज पाव टँक पाणी बदला. ६० लिटरला एक १५ लिटरची बादली. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं किंवा अँटी-क्लोरीन घातलेलं, आणि टँकइतकंच कोमट. खाणं चिमूटभर, दिवसाआड. एखाद्या मित्राचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. नळाखाली धुऊ नका, त्यातले जिवाणूच तर हवेत.

आणि घाबरायचं कधी? सगळे मासे सारखेच, सगळ्या अंगभर फिके असतील आणि कल्ले शांत चालत असतील तर थांबा. पण एकाच माशाच्या पाठीवर किंवा पट्टीच्या मधोमध एक पांढरट डाग, आतलं मांस उकडल्यासारखं, आणि तो थव्यापासून वेगळा, तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. निऑनचा एक आजार असा दिसतो, त्यावर खात्रीचं औषध नाही, आणि मेलेला मासा बाकीच्यांनी कुरतडला की तो पसरतो. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे असतील तर तो व्हाइट स्पॉट, त्याला औषध आहे. सगळेच पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतायत, तर पाणी बदला, रात्र असली तरी.

जाता जाता एक. महिनाभराने लाल हळूहळू फिका होत गेला तर ती भीती नाही, ते खाणं. लाल रंगासाठी लागणारे कॅरोटिनॉइड मासा स्वतः बनवत नाही, ते खाण्यातून यावे लागतात. तेच ते स्वस्त दाणे वर्षभर घालू नका, आठवड्यातून दोनदा आर्टेमिया द्या. आणि गुलाबी, पोपटी, जांभळे "पेंटेड" ग्लासफिश दिसले तर घेऊच नका. तो आपल्याच नद्यांतला पारदर्शक मासा, सुईने रंग टोचलेला. तो रंग जाणारच, आणि गेला तर बरंच.

ताईंचा काल पुन्हा मेसेज आला. दहापैकी आठ आहेत. दोन दुसऱ्या दिवशी गेले, मुलीने कुंडीत पुरले. बाकीच्यांची निळी पट्टी आलीय, लाल अजून थोडा कमी आहे. शेजारच्या काकांकडून स्पंज मिळाला. अमोनिया अजून ०.५ दाखवतोय, म्हणून रोजची बादली चालू आहे. रविवारी पुन्हा मोजून कळवते म्हणाल्या.