ब्राउझरने सांगितलेले स्थान निरनिराळे का येते?

शाळेची माहिती भरताना पुष्कळ शिक्षकांना असा अनुभव येतो की, एकाच जागी बसून दोन ब्राउझर उघडले असता एकात शाळा गावातच दिसते, तर दुसऱ्यात ती जिल्ह्याच्या गावी किंवा थेट मुंबईस दाखविली जाते. यंत्र बिघडले असे शिक्षकास वाटते. शिक्षक शाळेत नव्हताच असा तर्क नोंद पाहणारा करतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे होत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ब्राउझर स्वतः स्थान मोजीत नाही. तो इतरांस विचारून सांगतो. घराचा पत्ता पोस्टमनला विचारावा की एस.टी.च्या वाहकाला, यावर उत्तराचा नेमकेपणा ठरतो, तसेच येथेही होते.

विचारण्याची साधने मुख्यतः चार आहेत. पहिले उपग्रहांचे, मोकळ्या आकाशाखाली मोबाइलला त्यायोगे सुमारे ५ मीटरपर्यंत स्थान कळते. बहुतेक संगणकांत मात्र हे संकेत घेण्याची सोय नसते. दुसरे आसपासच्या वायफायचे. शहरात ते दाट असल्याने उत्तर बरे येते, खेड्यात ते विरळ असते. तिसरे मोबाइलच्या मनोऱ्याचे. खेड्यात मनोरे दूरदूर असल्याने येथे चूक काही किलोमीटरांची होऊ शकते. चौथे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचे. त्यावरून पुष्कळदा सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे शहरच कळते. मुंबई दिसते ती यामुळे.

वायफाय व मनोरे कोठे आहेत याच्या नोंदी निरनिराळ्या कंपन्यांनी ठेवल्या आहेत. क्रोम बहुधा गूगलच्या नोंदींचा आधार घेतो, सफारी अॅपलच्या. फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलाने २०१३ मध्ये अशी स्वतंत्र सेवा सुरू केली होती. ती २०२४ मध्ये बंद झाली. नोंदवह्या भिन्न, म्हणून उत्तरेही भिन्न.

दुसरे कारण परवानगीचे. आयफोनवर २०२० पासून व अँड्रॉइडवर २०२१ पासून प्रत्येक ॲपला ‘अचूक’ किंवा ‘अंदाजे’ स्थान देण्याची निवड करता येते. एका ब्राउझरला अचूक व दुसऱ्याला अंदाजे परवानगी दिली असेल, तर एकाच मोबाइलवर दोन उत्तरे येणारच. शिवाय काही वेळा ब्राउझर थोड्या वेळापूर्वीचे साठविलेले स्थानच पुढे करतो.

अक्षांश-रेखांशांबरोबर ब्राउझर चुकीची मर्यादाही मीटरमध्ये कळवितो. नकाशावर ती बहुधा वर्तुळाने दाखवितात. ठरलेल्या मानकानुसार खरे स्थान या वर्तुळात असण्याची खात्री शेकडा ९५ असावी. वर्तुळ ३,००० मीटरांचे असता मधल्या टिंबावरून कोणासही गैरहजर ठरविणे अन्यायाचे होईल.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनी स्थान नोंदविताना शक्यतो मोबाइल वापरावा, पटांगणात यावे, अचूक स्थानाची परवानगी द्यावी, क्षणभर थांबावे आणि वर्तुळ लहान झाल्यावरच नोंद करावी. वरच्या वर्गातील मुलांकडून वर्गात, ओसरीवर व पटांगणात या वर्तुळांची तुलना करवून घ्यावी. प्रत्येक मापनाला चुकीची मर्यादा असते, हा गणितातील मोलाचा पाठ त्यांस सहज मिळेल.