टॉवरवरची अ‍ॅनी: लाइव्ह कॅमेऱ्यातून ससाणा बघताना

आज मी तुम्हाला असा एक लाइव्ह व्हिडिओ बघायला सांगणार आहे, ज्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही. एक पक्षी खडीवर बसलाय. अर्ध्या तासाने तो जरा कूस बदलतो. बस्स.

जागा अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाचा घंटेचा मनोरा आहे, कॅम्पनीली, साधारण 94 मीटर उंच. पक्षी म्हणजे बहिरी ससाणा, सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या वर जाणारा. तो काड्यांचं घरटं बांधत नाही. कड्याच्या कपारीत छातीने खळगा करतो, त्यात अंडी. त्याच्या लेखी उंच इमारत म्हणजे कडाच, आणि खाली कबुतरांची खानावळ! मनोऱ्यावर खडीचा ट्रे ठेवलाय आणि 2019 पासून कॅमेरे लावलेत.

हे दृश्य एके काळी जवळजवळ संपलं होतं. फवारलेलं डीडीटी किड्यांतून छोट्या पक्ष्यांत आणि त्यांच्यातून ससाण्यांत साठत गेलं. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवणाऱ्या पक्ष्याच्या वजनानेच ती फुटायची. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात घरटं करणाऱ्या फक्त दोन जोड्या माहीत होत्या. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी आणली, माणसांनी वाढवलेली पिल्लं रानात सोडली, आणि 1999 मध्ये हा पक्षी तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

आता बघायचं काय? दोघांतली मोठी ती मादी. पहिलं अंडं उघडं दिसलं की लोक घाबरतात, आई गेली कुठे म्हणून. पण ती मुद्दामच नीट बसत नाही. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात, तीन किंवा चार. शेवटची येईपर्यंत पूर्ण ऊब द्यायची नाही, म्हणजे पिल्लं साधारण एकाच वेळी फुटतात. मग महिनाभर आळीपाळीने ड्युटी. शिकार मुख्यतः नराकडे, आणि म्हणून तो नसेल तर मादीची पंचाईत: अंडी सांभाळायची की पोट?

2022 मध्ये नेमकं हेच झालं. मनोऱ्यावरची मादी अ‍ॅनी, नर ग्रिनेल. फेब्रुवारीत अ‍ॅनी आठवडाभर गायब होती. अभ्यासकांनी आशा सोडली, आणि ही परत हजर! मार्चमध्ये अंडी घातली. 31 मार्चला ग्रिनेल बर्कलीच्या रस्त्यावर मेलेला सापडला, बहुधा गाडीच्या धडकेने. पायातल्या कड्यावरून ओळख पटली. कॅमेऱ्यात यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त अंड्यांवर बसलेली अ‍ॅनी.

काही तासांतच दुसरा नर आला. तिच्याशी जुळला आणि चक्क अंड्यांवर बसला. लोकांनी मतदान करून त्याचं नाव ठेवलं अल्डेन. मे महिन्यात दोन पिल्लं बाहेर आली.

हे ऐकल्यावर पहिल्यांदा मलाही वाटलं, अगं, निदान दोन दिवस तरी थांबायचंस! पण दुखवटा, बेइमानी हे शब्द माझे. समोर दिसतं ते एवढंच: अंडी आहेत, अन्न आणणारा हवा, आणि चांगल्या जागेवर डोळा ठेवून असलेले नर आसपास असतातच. ते मनोऱ्याभोवती घिरट्या घालतात, कधी मारामारी होते. आधीच्या ऑक्टोबरात ग्रिनेलही अशा भांडणात जखमी होऊन उपचार घेऊन परतला होता. आपल्याला दिसतो तो ट्रे. त्यांचं बरंचसं आयुष्य फ्रेमबाहेर चालतं.

आपल्याकडे याच जातीचा शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो. ट्रेकला गेलात आणि तो डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, तर फोटोसाठी पुढे जाऊ नका, मागे फिरा. तिथे झूम करायला कॅमेरा नाही, आणि आपणच घुसखोर असतो.

वेळेचं गणित सांगून टाकते. बर्कलीचा हंगाम मार्च ते जून. तिथे सकाळचे 6 वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. हंगाम संपला तर मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या इमारतीचा कॅमेरा उघडा. तिथला वसंत आपल्या सप्टेंबरात, आणि तुम्ही सकाळी 8 ला लोकलमध्ये लटकत असाल तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा. अ‍ॅनी मात्र 2025 च्या सुरुवातीपासून दिसलेली नाही.