वाफसा ओळखणारे गणित

पाऊस उघडला की जाणता शेतकरी वावरात जातो, मूठभर माती घेऊन दाबून पाहतो. लाडू चिकट झाला तर थांबतो. खाली टाकताच लाडू फुटला तर वाफसा आला. "अजून जरा ओल आहे, उद्या पेरू," असे तो म्हणतो. हा 'जरा' कुठल्या मापात बसत नाही. पण त्यावरच पेरणी साधते किंवा फसते.

संगणकाची मूळ रीत मात्र 'होय' किंवा 'नाही' अशी. ओल ठरलेल्या आकड्याच्या वर असेल तर जमीन ओली, किंचित खाली उतरली की कोरडी. जमीन अशी एका क्षणात कोरडी होते काय?

यावर १९६५ साली अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी तोड काढली. त्यांच्या गणिताला 'फझी', म्हणजे धूसर कडांचे गणित म्हणतात. आपल्याला ते परके वाटू नये. पीक आले की बुडाले एवढेच न पाहता ते किती आणे आले, हे आपल्याकडे पूर्वी आणेवारीत ठरवत असत. तशीच जमीनही बारा आणे कोरडी आणि चार आणे ओली असू शकते.

आता समजा, पंपाला दोन नियम दिले. जमीन कोरडी असेल तर ६० मिनिटे चाल. ओली असेल तर २० मिनिटे. साठाचे बारा आणे म्हणजे ४५, विसाचे चार आणे म्हणजे ५. पंप ५० मिनिटे चालेल. पाणीही वाचेल, वीजही.

१९७४ साली लंडनमध्ये एब्राहिम ममदानी यांनी अशाच बोलीभाषेतल्या नियमांवर वाफेचे लहान इंजिन सांभाळून दाखवले. १९८७ साली जपानच्या सेंदाई शहरात भुयारी रेल्वे या गणितावर धावू लागली. पुढे ते कपडे धुण्याच्या यंत्रातही आले.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'कोरडी' कशाला म्हणावे, हे यंत्राला आधी जाणत्या माणसाकडूनच कळावे लागते. काळ्या जमिनीचा हिशेब वेगळा, मुरमाडाचा वेगळा. म्हणून आपोआप चालणारा पंप कोणी विकायला आणला, तर त्याला जरूर विचारा, "यातले नियम कोणत्या जमिनीवर ठरवले?" आणि मुलांना संगणक शिकवाच; पण आजोबांबरोबर वावरातही धाडा. मातीची पारख घरातूनच गेली, तर यंत्राला ती सांगणार कोण?