सुळका दिसला म्हणजे बिघाड नव्हे

रस्ता खोदताना जेसीबीचा दात फायबर केबलला लागतो आणि गावंच्या गावं इंटरनेटविना बसतात. केबल नेमकी कुठे तुटली, हे एका टोकाला बसून सांगणारं यंत्र म्हणजे ओटीडीआर. ही पद्धत बार्नोस्की आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये मांडली.

यंत्र काचेच्या तंतूत लेसरचा क्षणिक झोत सोडतं आणि परतणारा प्रकाश मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे किलोमीटरभर जाऊन परत यायला साधारण दहा मायक्रोसेकंद. वेळेवरून अंतर निघतं. वाटेत काच थोडा थोडा प्रकाश मागे विखुरत असते, त्याची पडद्यावर हळूहळू उतरणारी रेषा दिसते. काच संपून हवा लागली, की सुमारे चार टक्के प्रकाश उलट फिरतो आणि रेषेवर उंच सुळका उभा राहतो.

नवखा माणूस फसतो तो इथेच. सुळका साध्या कनेक्टरचाही असतो. उलट चिरडलेल्या किंवा पाणी शिरलेल्या तुटीवर सुळका येईलच असं नाही. रेषा नुसती कोसळते. केबल कुठे जास्त वाकली असेल, तर १३१० नॅनोमीटरला जेमतेम दिसणारी पायरी १५५० ला ठळक होते. म्हणून दोन्ही तरंगलांबींवर चाचणी हवीच.

‘भुतं’, म्हणजे खोटे सुळके, तर आणखी चकवतात. दोन किलोमीटरवरचा कनेक्टर मळलेला असेल, तर त्याचा प्रकाश यंत्राच्या तोंडावर आपटून पुन्हा आत जातो आणि चार किलोमीटरवर खोटा सुळका उमटतो. त्या जागी रेषेची पातळी मात्र खाली येत नाही. हे न पाहता खड्डा खणणारा रिकाम्या हाती परततो.

काही सांध्यांवर तर रेषा वर चढते! प्रकाश वाढलेला नसतो. पुढचा तंतू जास्त विखुरणारा असतो, इतकंच. एकीकडून ०.१ डेसिबल ‘वाढ’ आणि दुसरीकडून ०.३ घट दिसली, तर खरी घट सरासरीने ०.१.

केबलमध्ये तंतू पीळ देऊन बसवलेले असतात, सांध्यापाशी वेटोळीही ठेवतात. त्यामुळे पडद्यावरचं अंतर रस्त्यावरच्यापेक्षा जास्त भरतं. खोदाईची जागा जवळच्या माहीत असलेल्या सांध्यापासून मोजावी.

काम घेणाऱ्याने केबल टाकली त्याच दिवशीचे, दोन्ही बाजूंनी काढलेले आलेख जपून ठेवावेत; काम देणाऱ्याने ते हातात पडल्याशिवाय बिल मंजूर करू नये.