डेसिबल : दूरध्वनीच्या तारेवर जन्मलेले माप

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा ध्वनिप्रदूषण नियमांमुळे सर्वपरिचित झाली आहे. मोबाइल संचाला मिळणाऱ्या सिग्नलची ताकदही याच मापाच्या आधारे दर्शविली जाते. मात्र डेसिबलचा जन्म ध्वनिप्रदूषणाच्या अभ्यासातून झालेला नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला बोलणे कितपत स्पष्ट पोहोचते, हे मोजण्याच्या दूरध्वनी अभियंत्यांच्या गरजेतून तो झाला.

अॅनालॉग दूरध्वनीत माणसाच्या आवाजाचे रूपांतर तशाच चढउतारांच्या विद्युत संकेतात होते. तारेतून जाताना हा संकेत क्षीण होत जातो. हे क्षीणन मोजण्यासाठी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘एक मैल प्रमाण तार’ हे एकक वापरात होते. रोध आणि धारित्रे जोडून तयार केलेली कृत्रिम तार पेटीत बसवलेली असे. श्रोता आळीपाळीने प्रत्यक्ष तारेवरील आणि या कृत्रिम तारेवरील आवाज ऐके. दोन्ही सारखे वाटेपर्यंत कृत्रिम तारेची लांबी बदलली जाई. जुळलेले मैल म्हणजेच त्या तारेचे क्षीणन.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. प्रमाण तारेत उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण होत. त्यामुळे ‘एक मैल’ हे माप प्रत्येक वारंवारतेला वेगळे ठरे. लांब पल्ल्याच्या तारांवर भारण वेटोळी आणि रिपीटर आल्यावर ही तुलना अधिकच फसवी ठरू लागली. म्हणून १९२४ च्या सुमारास बेल यंत्रणेने शक्तीच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर आधारित नवे एकक स्वीकारले. त्याचे मूल्य जुन्या मैलाच्या जवळपास ठेवण्यात आले. १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ त्याला ‘डेसिबल’, म्हणजे बेलचा दशांश, हे नाव मिळाले.

लॉगरिदममुळे हिशेब सोपा झाला. संकेताची शक्ती एक दशांशावर आली, तर १० डेसिबलची घट होते. एक शतांशावर आली, तर २० डेसिबलची. तारेच्या तीन टप्प्यांत अनुक्रमे ४, ७ आणि ५ डेसिबल घट होत असेल, तर केवळ बेरीज करून एकूण १६ डेसिबल ही घट मिळते. म्हणजे मूळ शक्तीचा सुमारे चाळिसावा भाग शेवटी पोहोचतो. चाचणीसाठी तारेच्या एका टोकाला एक मिलिवॅट शक्तीचा, ८०० किंवा १,००० हर्ट्झचा स्वर पाठवला जाई. ६०० ओहम रोधावर हे मूल्य ०.७७५ व्होल्ट होते. दुसऱ्या टोकाचा मापक थेट घट दाखवी आणि टप्प्याटप्प्याने मोजणी केल्यास दोष नेमका कुठे आहे, हे कळे.

मात्र आवाज मोठा असणे आणि बोलणे समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरध्वनी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यात काम करतो. या पट्ट्यातील उंच स्वर गळाले, तर ‘स’ आणि ‘फ’ यांतील फरकही ओळखू येत नाही. म्हणून वेगवेगळ्या वारंवारतांवरील घट स्वतंत्रपणे तपासावी लागे. खरखर मोजण्याचे उपकरणही कानाच्या संवेदनेनुसार घडवले गेले. वीजवाहिन्यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट दूरध्वनीवर फारसा जाणवत नाही. हजार हर्ट्झच्या आसपासची खरखर मात्र संभाषण बिघडवते. त्यामुळे मोजणीत दुसरीला अधिक वजन दिले जाते.

आवाज क्षीण झाला, तर तो वाढवावा, असे सहज वाटते. परंतु त्यालाही मर्यादा आहे. ग्राहकाकडील दोन तारा आणि लांब पल्ल्याच्या चार तारा जिथे जुळतात, तिथे संतुलन अचूक नसेल, तर काही संकेत परत फिरतो. बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. विलंब जितका अधिक, तितका तो त्रासदायक ठरतो. प्रवर्धन फार वाढवले, तर संकेत वर्तुळात फिरत राहून तारेवर शीळ वाजू लागते. म्हणून परतणाऱ्या संकेताचे मोजमापही आवश्यक मानले गेले.

भारतात १९६० मध्ये लखनौ–कानपूर मार्गावर ग्राहकांना थेट परगावी दूरध्वनी लावण्याची सुविधा मिळाली. त्यापूर्वीच्या ट्रंक कॉलमध्ये ऑपरेटर मध्ये असे. तार खराब लागल्यास ती बदलून देणे त्याला शक्य होते. थेट जोडणीत हा मध्यस्थ उरला नाही. सदोष तार ग्राहकाच्या वाट्याला येण्यापूर्वीच शोधणे भाग पडले आणि नियमित मोजणीचे महत्त्व वाढले.

डिजिटल यंत्रणेत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून अंकांत पाठवला जातो. अंक वाटेत नव्याने घडवता येत असल्याने अंतरागणिक घट आणि खरखर साचत जात नाही. तरीही तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड घेणाऱ्या ग्राहकाचा मोडेम आजही तारेतील घट आणि खरखरीपासूनचे सुरक्षित अंतर डेसिबलमध्येच दाखवतो. जोडणी वारंवार तुटत असेल, तर दोष तारेत आहे की अन्यत्र, याचा पहिला अंदाज त्या दोन आकड्यांवरूनच येतो.