पानाखालचे विष आणि पाणपक्षी

पाण्यातली वनस्पती, तिच्या पानावर वाढणारा जिवाणू आणि पाण्यात विरघळलेला एक क्षार ही तिन्ही एका ठिकाणी आली की पक्ष्यांच्या मेंदूची चाळण करणारे विष तयार होते, हे अमेरिकी आणि जर्मन संशोधकांनी पंचवीसहून अधिक वर्षांच्या शोधानंतर सिद्ध केले. सोलापूरसारख्या, तलावांवर आणि उजनी धरणावर तहान भागवणाऱ्या जिल्ह्याने हा शोध बारकाईने समजून घेण्याजोगा आहे.

१९९४च्या हिवाळ्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावावर २९ गरुड मेलेले आढळले. त्यांच्या मेंदूत चेतातंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणाचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळ्या पडल्या होत्या. मात्र विषाणू, जड धातू वा परिचित कीटकनाशक यांपैकी काहीही सापडत नव्हते. त्याच तलावावरचे चांदवे, म्हणजे पाणवनस्पती खाणारे काळे पाणपक्षी, झोकांड्या देत पोहत आणि त्यांना धड उडता येत नसे. असे दुबळे भक्ष्य गरुडाला सहज मिळते, आणि विष चरबीत विरघळणारे असल्याने भक्ष्याबरोबर तेही गरुडाच्या शरीरात उतरते.

जॉर्जिया विद्यापीठाच्या सुझन वाइल्ड यांनी या दुव्याचा माग काढत हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीपर्यंत मजल मारली. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात पोहोचलेली ही वनस्पती तेथील जलाशयांत बेसुमार पसरली होती. तिच्या पानांच्या खालच्या बाजूस चिकटलेल्या डागांत सायनोबॅक्टेरिया, म्हणजे वनस्पतीप्रमाणे प्रकाशावर अन्न तयार करणारे नीलहरित जिवाणू होते; त्या नव्या जातीचे नाव एटोक्थोनॉस हायड्रिलिकोला असे ठेवण्यात आले. तरीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूत विष निर्माणच होत नव्हते. जर्मनीतील हाले येथील टिमो निडरमायर यांच्या गटाने तलावातून आणलेल्या पानांचा पृष्ठभाग कणाकणाने तपासला, तेव्हा जिवाणूंच्या वसाहती असलेल्या नेमक्या जागी ब्रोमीनचे पाच अणू असलेला रेणू दिसला. संवर्धनाच्या द्रवात ब्रोमाइड, म्हणजे ब्रोमीनचा क्षार, नव्हते, आणि ते मिसळताच जिवाणू विष तयार करू लागला. मार्च २०२१मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या शोधातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. ब्रोमाइड काही पाण्यांत निसर्गतः असते, कोळशावरील वीजकेंद्रांच्या सांडपाण्यातूनही ते येते. परंतु हायड्रिला मारण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या डायक्वाट डायब्रोमाइड या तणनाशकातही ते असते, आणि ही वनस्पती ते पानांत साठवते. अर्थात, तणाचा नायनाट करण्याच्या उपायातूनच जिवाणूला विषाचा कच्चा माल मिळण्याची शक्यता राहते.

हायड्रिला भारतात परकी नाही, ती मूळची आशियातलीच आहे. सोलापूरकरांना छळणारी परकी वनस्पती म्हणजे दक्षिण अमेरिकेतून आलेली, संभाजी तलाव झाकून टाकणारी जलपर्णी. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून उजनीत साचते, त्यातील नत्र व स्फुरदावर नीलहरित जिवाणू पोसतात आणि उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते. या जिवाणूंपैकी मायक्रोसिस्टिस हा मेंदूऐवजी यकृताला इजा करणारे मायक्रोसिस्टिन निर्माण करू शकतो, आणि पाणी उकळल्याने ते नष्ट होत नाही.

म्हणूनच तलाव साफ करताना तणनाशकापेक्षा जलपर्णी मुळांसकट ओढून काठापासून दूर नेणे श्रेयस्कर आहे, कारण ती पाण्यातच कुजली तर शोषलेले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात परततात. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर आणि उजनीवर उतरणाऱ्या चांदव्यांच्या गणनेबरोबर त्यांच्या पोहण्या-उडण्यातील तोल नोंदवला, मेलेला पक्षी सडण्यापूर्वी बर्फात ठेवून पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पाठवला आणि त्याच आठवड्यात तिथल्या पाण्याचा व पाणवनस्पतींच्या पानांचा नमुना घेतला, तर पक्षी, वनस्पती आणि पाणी यांची तपासणी एकत्र होईल; डीग्रेच्या गरुडांबाबत हा धागा जुळवायला पाव शतक लागले.