चमचाभर साखरेचा हिशेब

'त्यांना साखर आहे' असे कुणाबद्दल बोलले गेले, तर आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फारशी काळजी उमटत नाही. क्षय, कर्करोग ही नावे उच्चारताना माणसे आवाज खाली आणतात. मधुमेहाचे तसे नाही. लग्नाच्या पंगतीत मंडळी एकमेकांस आपापले आकडे सांगतात आणि 'एका जिलबीने काय होते!' असे म्हणून जिलबीही वाढून घेतात. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. मग याला आजार तरी कसे म्हणावे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

मला हा आजार जडून अकरा वर्षे झाली. मी डॉक्टर नव्हे. बँकेत कॅशियरच्या खिडकीमागे सारी नोकरी काढलेली बाई. त्यामुळे औषधांच्या नावांपेक्षा मला आधी आकडे समजले, आणि जो हिशेब समजला तो वाचकांपुढे मांडते.

माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी १०० मिलिग्रॅमच्या आत साखर असावयाची. करा गुणाकार! साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आपण तर एका कपातच दोन चमचे घालतो. शिवाय पोळी, भात, बटाटा यांतल्या पिठूळ पदार्थाचीही पोटात साखरच होते. एका जेवणातून अशी दहा-बारा चमचे साखर सहज रक्तात उतरते, आणि तरीही दोन तासांत निरोगी शरीर ती जिथल्या तिथे पोचवून आपला चमचा पुन्हा सपाट करून ठेवते. हे काम इन्शुलिनचे. जठरामागे दडलेल्या स्वादुपिंडातून ते स्रवते आणि स्नायूंना व यकृताला 'साखर उचला' असा निरोप देते. मधुमेहात हा निरोप्या तरी कमी पडतो, नाहीतर त्याचे कुणी ऐकत नाही. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही.

आता पुढची गंमत पाहा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, की मधुमेह ठरतो. १२६ म्हणजे किती? चमच्याऐवजी सव्वा चमचा! हा वरचा पाव चमचा वर्षानुवर्षे रक्तात फिरतो आणि डोळ्यांतल्या, मूत्रपिंडांतल्या केसाहून बारीक वाहिन्या आणि पायांच्या मज्जातंतू हळूहळू निकामी करतो. दुखत नाही हे खरेच; दुखणे कळवणारी तारच आधी तुटते.

आपल्या पूर्वजांना हा रोग ठाऊक होता. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, त्यांत मधुमेह आहे. लघवीला मुंग्या लागतात हेही त्यांच्या परंपरेने टिपून ठेवले. पुढे १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टराने रुग्णाची लघवी आटवून तळाशी उरलेली साखरच दाखवून दिली. आमच्या आजोबांच्या काळापर्यंत परीक्षा लघवीचीच चाले. निळ्या बेनेडिक्ट द्रावणात आठ थेंब टाकून परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाची. निळा रंग राहिला तर ठीक, हिरवा झाला तर थोडी साखर, पिवळा-नारिंगी झाला तर अधिक, आणि विटेसारखा लाल झाला की आजोबांचा चेहराही त्याच रंगाचा! परंतु या परीक्षेत एक मोठी उणीव होती. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरतच नाही. नळी निळी असे तेव्हा आत सारे आलबेल असेलच असे नव्हे.

रक्ताचा थेंब पाहणारे यंत्र अमेरिकेत १९७०च्या सुमारास निघाले, पण ते डॉक्टरांनाच विकत. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनिअरने ते डॉक्टर असलेल्या आपल्या पत्नीच्या नावावर मागवले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःचेच रक्त तपासण्याचा सपाटा लावला. डॉक्टर मंडळी त्याचे ऐकेनात, म्हणून हा गृहस्थ चाळिशी उलटल्यावर स्वतःच डॉक्टर झाला. आज आपल्या हातात मावणारे यंत्र घरोघरी आले त्याला अशा हट्टी माणसांचाही हातभार आहे.

आता आमच्या घरची एक हकीकत. आमचे दादासाहेब, म्हणजे माझे थोरले दीर, हे मोठे शिस्तीचे. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्याआधी ते दोन दिवस भात सोडत, गोडाला शिवत नसत, आणि मग उपाशीपोटी रक्त देत. आकडा ११८ किंवा १२२. वहीत ठळक अक्षरात लिहून ठेवीत. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी दिवसांचे पान कोरे! एकदा नव्या डॉक्टरांनी 'एचबीए-वन-सी' करावयास सांगितले. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. बँकेच्या भाषेत, उपाशीपोटीचा आकडा ही एका सायंकाळची शिल्लक, तर हे आख्खे पासबुक. ते ७ टक्के आले तर सरासरी साखर सुमारे १५४ धरतात. दादासाहेबांचे आले ९.४, म्हणजे सरासरी सव्वादोनशेच्या आसपास! पासबुकाने शिल्लक खोटी पाडली. (रक्तक्षय असेल तर मात्र पासबुकही फसवते. आपल्या बायकांत तो फार. तेव्हा डॉक्टरांना हिमोग्लोबिनही दाखवावे.)

त्याच पावसाळ्यात त्यांच्या चपलेत खडा गेला. दिवसभर ते त्यावर चालले, कळले नाही. रात्री जाऊबाईंना पायमोज्यावर रक्त दिसले. जखम चिघळली, आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. ज्या माणसाने चाळीस वर्षे पहाटे पर्वती चढली, त्याला दारातल्या तीन पायऱ्यांसाठी हात द्यावा लागला तेव्हा आम्ही कुणी एकमेकांकडे पाहिले नाही.

'पण ते तर किडकिडीत!' असे सगळे म्हणाले. याचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे तपासली. सरासरी वजन अवघे २.७ किलो, पण या हडकुळ्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र विलायती बाळांच्या तोडीची! २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा जोडफोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. शरीरातील चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा आपल्या माणसाचा काटा पाहून खात्री बाळगू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटींहून अधिक आणि उंबरठ्यावर असलेले १३ कोटींहून अधिक असल्याचे दिसले, त्यांत असे काटकुळे थोडे नसतील.

दादासाहेबांच्या प्रकारानंतर मी वही बदलली. आकड्याशेजारी काय खाल्ले, तेही लिहू लागले. जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. मग घरातल्या पदार्थांचे खरे स्वभाव कळले. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत साखरेचा कण नसतो. दोन तासांनी आकडा २३८! ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी यांवर १५२. गुळाचे चालते, मधाचे चालते, ही समजूत वहीत टिकली नाही. रात्री जेवून पंधरा मिनिटे चालले की आकडा पंचवीस-तीसने उतरे, कारण चालते स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतात. अर्थात ही माझी वही. तुमच्या घरी साबुदाणा कदाचित निराळे बोलेल. रात्री ११० आणि पहाटे काही न खाता १३५ का, याचेही कोडे पडे. पहाटे शरीर जागे होताना यकृत आपल्या कोठारातून साखर सोडते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सुटले.

यंत्राचेही थोडे पथ्य असते. शेजारच्या काकूंचा आकडा गेल्या दिवाळीत ३१२ आला आणि घरात रडारड! काकू लाडू वळता वळता उठल्या होत्या. साबणाने हात धुवून, पुसून पाहिले तर १४६. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचावी, दुखते कमी. पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी. दमट हवेत त्या बिघडतात. आणि चांगले यंत्रही शेकडा पंधराच्या फरकाने बोलू शकते, तेव्हा १२८ चे १३६ झाले म्हणून रात्रीचे जेवण सोडू नये.

उलट बाजूचे भय मात्र खरे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने उपास धरला, तर साखर ७० च्या खाली घसरते. घाम, थरथर, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये, तडक रुग्णालय गाठावे. आमच्या देव्हाऱ्याशेजारी खडीसाखरेची डबी असते, ती देवासाठी कमी आणि यासाठी अधिक.

दादासाहेब आता रोज रात्री आरसा धरून तळपाय पाहतात. दृष्टी मंदावली आहे म्हणून जाऊबाई पुन्हा पाहतात. जेवणानंतरचा आकडा ते मला फोनवर कळवतात. परवा पुतण्याच्या साखरपुड्याहून आल्यावर त्यांनी २०४ सांगितला, मग थोडे थांबून म्हणाले, "दोन अनारसे. लिहून ठेव."